एल्कसाठी २७० ची नळी बदलू का? ट्विस्ट, गोळ्या आणि लांबचा पल्ला

गवताळ
नमस्कार मंडळी. शिकारीचा धागा आला की तिसऱ्या प्रतिसादात भांडण सुरू होतं हे ठाऊक आहे, तरी विचारतोच. मराठीत विचारायला दुसरी जागा नाही.

मी कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सला असतो. ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, म्यूल डिअर केलंय. यंदा दुसऱ्या रायफल सीझनचा एल्कचा टॅग (शिकारीचा परवाना) हातात आहे. ज्यांनी एल्क पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आपल्या सांबराहून मोठं जनावर, नर तीनशे किलोच्या घरात जातो.

रायफल सेकंडहँड रेमिंग्टन ७००, २७० विंचेस्टरमध्ये, २२ इंची नळी, ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा पीळ) १:१०. शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाच्या आत बसतात. ऑफिसातला मित्र म्हणतो, नळी बदल, वेगवान ट्विस्टची बसव आणि १६५-१७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबुडक्या गोळ्या वापर, ५००-६०० यार्ड सहज होतील. दुकानदार म्हणतो २७० आता म्हातारी झाली, सरळ ७ मिमी पीआरसी ह्या नव्या काडतुसाची रायफल घ्या. बजेट हजार डॉलरच्या आसपास. नळी बदलू, रायफल बदलू, की गप्प बसू?

मिरजकर_डेन्व्हर
गप्प बसा आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या झाडा. :)
मस्करी सोडा. २७० विंचेस्टर १९२५ ची आहे, गेल्या शंभर वर्षांत तिने किती एल्क पाडले याची गणती नाही. दुकानदाराला रायफल विकायची आहे.

बिनचूक
मी बोझमनला, मोंटाना. काडतुसं घरी भरतो, त्यामुळे जरा लांबण लावीन.

गवताळभाऊ, तुमचा मित्र आणि तो दुकानदार दोघंही नळीपासून सुरुवात करतायत. तुम्ही गोळीपासून करा. जनावराला लागते ती गोळी, नळी फक्त तिला तिथवर नेते. मी स्वतःला आधी विचारतो की सगळ्यात लांब कुठवर मारणार आहे, तिथे गोळीचा वेग किती उरेल, आणि त्या वेगाला ही गोळी उघडते का. ट्विस्ट आणि नळीची लांबी त्यातून आपोआप ठरतात.

शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे. न फुलता आरपार गेली तर पेन्सिलीएवढं भोक पडतं आणि जनावर दोन दऱ्या पलीकडे जाऊन मरतं, सापडत नाही. साध्या शिशाच्या गोळ्यांना फुलायला ढोबळमानाने १८०० फूट/सेकंद लागतात. हॉर्नाडी आपल्या ईएलडी-एक्सला १६०० सांगते, नॉझलर तिच्या ॲक्युबाँड लाँग रेंजला १३०० पर्यंत खाली जाते. हे कंपन्यांचे आकडे आहेत, मी त्यावर शंभर-दोनशे स्वतःची भर घालतो.

आता तुमची २७०. १४५ ग्रेनची ईएलडी-एक्स डब्यावर २९७० लिहून येते, पण तो आकडा २४ इंची नळीचा. तुमच्या २२ इंचीत ४०-५० फुटांनी कमी धरा. ५०० यार्डांवर समुद्रसपाटीच्या हिशोबाने २१०० च्या आसपास वेग उरतो. तुम्ही आठ-नऊ हजार फुटांवर असणार, तिथे हवा विरळ, म्हणजे २२०० च्या वर. उघडायला पुरेसं, आणि ही गोळी १:१० ट्विस्टमध्ये बसते. मग नळी कशासाठी बदलायची?

गवताळ
धन्यवाद! पण मग १:१० मध्ये १६५ ग्रेनची का चालत नाही? वजनच तर थोडं जास्त आहे.

बिनचूक
वजनाने नाही, लांबीने अडतं. ट्विस्ट १:१० म्हणजे नळीतले आटे दर दहा इंचांना गोळीला एक पूर्ण गिरकी देतात. गोळी जितकी लांब तितकी तिची हवेत कोलमडायची ओढ जास्त, आणि तितकी जोरात ती फिरवावी लागते. १८७९ मध्ये वुलिचच्या ग्रीनहिलने तोफगोळ्यांसाठी यावर साधं सूत्र बांधलं. आज आपण डॉन मिलरचं वापरतो.

तुमच्याच आकड्यांनी करून दाखवतो. ०.२७७ इंच व्यासाची गोळी, १६५ ग्रेन, समजा दीड इंच लांब, वेग २८००. मिलरच्या सूत्रात १:१० ट्विस्टला स्थिरांक (गोळी किती स्थिर उडेल तो आकडा) येतो १.०९. एकाच्या खाली गेला की गोळी आडवी होऊन कागदाला चावीच्या आकाराचं भोक पाडते. १.०९ म्हणजे काठावर. आपल्याला १.४ तरी हवा, १.५ असेल तर निर्धास्त. तीच गोळी १:८ मधून सोडली की १.७०. म्हणून २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न आली तेव्हा तिच्या नळ्या १:८ आणि १:७.५ च्या होत्या. व्यास २७० चाच, फक्त आटे जवळजवळ.

यातली गंमत बघा. हवा विरळ झाली की स्थिरांक वाढतो. ९००० फुटांवर तोच १.०९ चा १.४ होतो. म्हणजे डोंगरावर ही गोळी कदाचित नीट उडेल, पण खालच्या रेंजवर सरावाला पसरेल. त्यात कडाक्याच्या थंडीत हवा पुन्हा दाट. काठावरच्या स्थिरांकाला गोळी आडवी झाली नाही तरी थोडी डुलत जाते आणि डब्यावरचा बीसी (गोळी हवा किती सहज कापते तो आकडा) मिळत नाही. ज्या बीसीसाठी ती महाग गोळी घेतली तोच हातचा जातो.

नेमबाज५०
पुण्याहून. आम्ही पंचवीस-पन्नास रुपयांच्या गोळ्यांवर भांडणारी माणसं, पाचशे यार्ड ऐकूनच घाम फुटला. आमची दुनिया ५० मीटर, पॉइंट टू टू. एक अनुभव मात्र जुळतो: गोळी आणि नळीचं लग्न कागदावर जुळत नाही. एकाच कंपनीचे, एकाच छापाचे, वेगवेगळ्या लॉटचे डबे एकाच नळीत वेगळे वागतात. वरच्या फळीतले नेमबाज आपली रायफल घेऊन जर्मनीत किंवा इंग्लंडात कंपनीच्या बोगद्यात बसतात, लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जो जमतो त्याचा वर्षाचा साठा उचलतात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतलं त्या खेळातही हे असतंच.

तर तीन गोळ्यांच्या गटावर भाळू नका. तीन कुणाच्याही जमतात. दहा झाडा, मग सांगा.

मिरजकर_डेन्व्हर
+१. दहा गोळ्यांचा गट बघितला की माणूस एकदम नम्र होतो.

सरळमार्गी
वाद घालायचा नाही, पण प्रामाणिक प्रश्न आहे. जनावराला तुमचा वास येत नाही, चाहूल लागत नाही, अर्धा किलोमीटरवरून तुम्ही त्याला पाडता. याला शिकार म्हणायचं? भारतात १९७२ च्या कायद्याने हे सगळं बंद झालं ते बरंच झालं असं मला वाटतं.

आबा_राजापूर
सरळमार्गी, भारतातलं बंद झालं ते बरंच झालं, त्यात दुमत नाही. आमच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. डुक्कर तीस पावलांवर आल्याशिवाय बार काढायचा नाही हा वडिलांचा दंडक, कारण दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर आपल्या अंगावर. तेव्हा लांबून मारायचा मोह होणं शक्यच नव्हतं. ह्या पोरांच्या हातातलं यंत्र मोह घालतं, एवढाच फरक. गवताळ, तू किती लांबून मारू शकतोस हे रायफलीला विचारू नकोस.

बिनचूक
सरळमार्गी, प्रश्न रास्त आहे, आणि इथल्या शिकाऱ्यांतही यावर दोन तट आहेत. बून अँड क्रॉकेट क्लबसारखी जुनी संस्था लांब पल्ल्याच्या हौसेविरुद्ध उघड बोलते. आयडाहोत सोळा पौंडांहून जड रायफल शिकारीला चालत नाही.

माझं मत: ५०० यार्डांवर गोळीला पोचायला ०.६ सेकंद लागतात. तुम्ही चाप ओढल्यावर जनावराने एक पाऊल टाकलं की फुप्फुसाची गोळी पोटात. पोटात लागलेलं जनावर मरायला तास घेतं. ट्विस्ट, बीसी, कार्बनची नळी, यातलं काहीही ते पाऊल थांबवत नाही. म्हणून मी स्वतः एल्कवर चारशेच्या पुढे जात नाही, आणि तेही ते चरत उभं असेल, वारा पडलेला असेल, मी पालथा झोपलेलो असेन तरच.

संपादक मंडळ
शिकार असावी की नसावी यासाठी वेगळा धागा काढावा. इथे तांत्रिक चर्चा चालू द्या. कायद्याच्या चौकटीतल्या, परवानाधारक शिकारीपुरतीच ही चर्चा आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.

दक्षिणायन
क्राइस्टचर्चहून लिहितो. आमच्याकडे टार, म्हणजे रानबकऱ्याची एक जात. हो, हिमालयातलाच, १९०४ साली माउंट कुकपाशी आणून सोडला आणि इतका माजला की सरकारच मारा म्हणतं. न्यूझीलंडला वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही, त्यामुळे हरणं, टार, शॅमॉय सगळे उपरे. सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना फुकट मिळतो, बंद हंगामही नसतो.

इथे सगळे नेम दरीपल्याड. अंतर मोजणारं यंत्र ३८० दाखवतं, आपण खूश. पण तुमच्या गालावर डावीकडून वारा, दरीच्या मध्यावर उजवीकडून, आणि पलीकडच्या कड्याला खालून वर. कुठला धरायचा? मी गवत बघतो, धुकं बघतो, आणि तीनदा बघून दोनदा रायफल खाली ठेवतो.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगतो. पलीकडच्या कड्यावर पडलेला टार आणायचा कसा, हे आधी ठरवा. ३८० यार्ड गोळीला असतात. पायाला ते दरी उतरून, बर्फाळ ओढा ओलांडून, वर चढून चार तास असतात, आणि टार पडता पडता कड्यावरून गडगडला तर आणखी खाली.

माझी नळी २० इंची, ६.५ क्रीडमूर, १:८, तोंडाला सायलेन्सर. इथे सायलेन्सर सर्रास. २४ इंची नळी आणि त्यापुढे सायलेन्सर म्हणजे झुडपातून बांबू घेऊन हिंडल्यासारखं होतं.

गवताळ
दक्षिणायन, जबरदस्त. नळी चार इंच छोटी केल्यावर वेग किती गेला?

दक्षिणायन
इंचाला वीस-एक फूट म्हणा. मॅग्नमला जास्त जातो, कारण दारू जास्त आणि तिला जळायला नळी लागते. क्रीडमूरला ऐंशी-शंभर फुटांनी माझं काही अडलं नाही, कारण मी साडेतीनशेला थांबतो. तुम्ही सहाशेवर जाणार असाल तर वेगळा हिशोब.

बिनचूक
हेच म्हणत होतो. आधी पल्ला, मग गोळी, मग नळीची लांबी. क्रीडमूरचा आकडा टाकतो म्हणजे तुलना होईल: १४३ ग्रेन ईएलडी-एक्स, २४ इंचीतून २७००, पाचशेला सुमारे २०३०. तुमच्या २७० पेक्षा कमीच आहे हो! क्रीडमूरचा बोलबाला आहे तो तिच्या जन्मापासूनच्या १:८ नळीमुळे. २००७ ला ती आली तेव्हा लांब गोळ्या गृहीत धरूनच आली. २७० आली तेव्हा १३० ग्रेनच्या गोळीचा जमाना होता.

वाऱ्याचं सांगतो, कारण शेवटी सगळे वाऱ्यावरच चुकतात. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर ह्या दोन्ही गोळ्यांना साधारण १५ इंच ढकलतो. डोंगरावर ११-१२ म्हणा. एल्कच्या फुप्फुसाची जागा पंधरा इंच, फार तर थोडी जास्त. तुम्ही १० चा वारा ६ समजलात की डोंगरावरही पाच इंच गेले. मध्यावर धरलं असेल तर काठावर, पुढच्या पायावर धरलं असेल तर बाहेर. नव्या नळीने, मोठ्या बीसीने यातले दोन-तीन इंच वाचतील. वारा ओळखायला शिकलात तर दहा वाचतील.

स्वाती_प
मी सॅक्रामेंटोजवळ. आमच्याकडे प्रश्नच वेगळा: कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. कारण काँडोर. जनावराची आतडी रानात टाकतात, त्यातले शिशाचे कण गिधाडं खातात आणि मरतात. एक्स-रेमध्ये जखमेपासून वीतभर दूरपर्यंत शिशाचे ठिपके दिसतात. ते चित्र पाहिल्यावर मी म्हटलं, कायदा नसता तरी बदललं असतं. घरात लहान मूल ते मटण खातं.

तर तांब्याच्या गोळ्या. गवताळ, तुम्हाला कायद्याने लागत नाहीत, पण ट्विस्टचा मुद्दा इथेही येतो. तांबं शिशापेक्षा हलकं: शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जास्त ट्विस्ट मागते. सोपा मार्ग म्हणजे वजन एक पायरी उतरवा. तुम्ही १४५ ऐवजी १३० च्या आसपासची घ्या, १:१० मध्ये आरामात चालते. वजन कमी म्हणून घाबरू नका. तांबं फुटत नाही, चार पाकळ्या उघडते आणि जवळजवळ पूर्ण वजनानिशी आरपार जाते.

तोटा म्हणजे वेग उतरला की पाकळ्या उघडत नाहीत. मी तांब्याला २००० फूट/सेकंदाच्या खाली जाऊ देत नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. माझ्या ३०८ ला त्याने पल्ला तीनशेवर येतो. रानडुकराला तेवढा खूप झाला.

मिरजकर_डेन्व्हर
स्वातीताई, एल्कला तांबं मला शिशापेक्षा आवडतं. एल्क लांबूनच दिसेल असं मानायचं कारण नाही ना. सकाळभर दुर्बिणीतून ७०० यार्डांवरचं कुरण न्याहाळायचं, आणि दुपारी देवदारात पाणी प्यायला बसलात की साठ पावलांवर नर उभा. त्या अंतरावर गोळी २८०० च्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळते. पातळ जॅकेटची (शिशावरच्या सालीची), लांब पल्ल्यासाठी मऊ केलेली गोळी तिथे हाडावरच भुगा होऊ शकते. मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) गोळ्या घेऊन एल्कला जाणारे आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्यासोबत जात नाही.

बिनचूक
वाद मी घालतो मग. :) फुप्फुसात लागली तर पातळ जॅकेटची गोळी आत जो कल्लोळ करते त्याने जनावर जागीच बसतं. ती मॅच गोळी लोक वापरतात ते उगाच नाही. पण हाड टाळावं लागतं, आणि एल्कचं हाड टाळण्याइतका वेळ आणि कोन दर वेळी मिळतो असं नाही, तेव्हा मिरजकरांची बाजू नवशिक्यासाठी खरी. मधला मार्ग जुनाच आहे: बाँडेड (शिसं सालीला पक्कं चिकटवलेली) किंवा दोन कप्प्यांची गोळी. जॉन नॉझलरने १९४८ मध्ये पार्टिशन विकायला काढली ती ह्याच रडगाण्यातून. मूसच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर गोळ्या फुटत होत्या, म्हणून त्याने मध्ये तांब्याची भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा घुसत राहतो. तिचा बीसी आजच्या मानाने गरीब आहे, पण चारशेपर्यंत कोणाला बीसी लागतोय?

गवताळ
म्हणजे आत्तापर्यंतचा सूर असा दिसतो की यंदा नळी तशीच ठेवू. पण मला पुढेमागे बदलायची हौस आहेच, खोटं कशाला बोलू. कार्बन गुंडाळलेली नळी, स्टेनलेस, जाड की बारीक, आणि मुख्य म्हणजे कुठल्या काडतुसात?

बिनचूक
हौसेला मोल नाही, बोलू या.

तुमच्या ॲक्शनपासून (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) सुरुवात. २७० चा बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा दांडा, ३०-०६ काडतुसाच्या बुडाचा आहे. ७ मिमी पीआरसी आणि ३०० विन मॅग यांची बुडं रुंद, म्हणजे बोल्टचं तोंड बदलणं आलं. त्या वाटेने जायचंच असेल तर दुकानदार बरोबर आहे, नवी रायफल घ्या. बोल्टला हात न लावता जायचं तर २८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड ही तुमची जागा. तेच बूड, तेवढीच लांब ॲक्शन, आणि ७ मिमीमध्ये भारी गोळ्यांचा डोंगर. नळी १:८ किंवा १:८.५ ची मागवा, १७५-१८० ग्रेनही स्थिर राहते, तांब्यालाही पुरतो. किंवा २७० च ठेवून १:८ ची नळी घाला. फक्त लक्षात ठेवा, दुकानात मिळणारी २७० ची काडतुसं १:१० गृहीत धरून केलेली आहेत. लांब गोळ्या तुम्हाला घरी भराव्या लागतील, आणि मॅगझिनच्या पेटीत मावायला त्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) खोल ढकलाव्या लागतात. त्यापेक्षा २८० बरी.

जास्त ट्विस्टचा तोटा विचारतात लोक. २७०० फुटांनी १:८ मधून निघालेली गोळी मिनिटाला २,४३,००० फेरे घेते. पातळ सालीची, कोल्ह्यासाठी केलेली हलकी गोळी त्या फिरकीने हवेतच उसवू शकते. एल्कच्या गोळीला काही होत नाही.

नळीच्या जाडीबद्दल: शिकाऱ्याची खरी गोळी पहिली. थंड नळीची. जाड नळी विसाव्या गोळीलाही तिथेच मारते, पण ती विसावी गोळी रेंजवरची असते. मी मध्यम कंटूरची, २४ इंची, नऊ-दहा हजार फुटांवर खांद्याला पेलेल अशी घेईन. कार्बन हलकी पडते, कडक राहते, पण नळी आणि बसवणं धरून तुमचं बजेट तिथे संपतं. मोंटाना आणि युटातले कार्बनवाले चांगलं काम करतात. साध्या स्टेनलेसची, विस्कॉन्सिनच्या कट रायफलिंगवाल्यांकडची नळीही त्याच तोडीचा नेम देते. नळीच्या तोंडाला ५/८-२४ चे आटे पाडून घ्या, पुढे सायलेन्सर लावायचा असेल तर पुन्हा गनस्मिथकडे जायला नको. मझल ब्रेक मात्र नको. दणका कमी होतो, पण शेजारच्याच्या कानाचं वाटोळं.

मिरजकर_डेन्व्हर
गनस्मिथची रांग धरा यात. एकाकडे "सहा आठवडे" म्हणून रायफल दिली होती, सीझन माझ्याशिवाय झाला. टॅग हातात असताना ॲक्शन कुणाला देऊ नका. सॅव्हेज रायफलवाल्यांची चैन असते, त्यांची नळी नटवर बसते, घरी बदलता येते. रेमिंग्टनसाठीही नटवाल्या तयार नळ्या मिळतात आता.

बिनचूक
मिळतात, पण हेडस्पेस गेज (बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते ते तपासायची मापं) उसने घेऊ नका, विकत घ्या. गो गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. एजेक्टर काढून, बोल्टच्या दांडीला फक्त बोटाचा जोर लावून बघायचं. इथे अंदाज चालत नाही, केस बुडाजवळ फुटते.

सरळमार्गी
वाचतोय. पटत नाही, पण तुम्ही लोक स्वतःला जितकं अडवता ते बघून थोडं बरं वाटलं.

कोथरूडचा_परदेशी
मध्येच विचारतो, एच-१बी वर रायफल घेता येते का? ऑस्टिनला आहे.

स्वाती_प
तात्पुरत्या व्हिसावर फेडरल कायद्याने मनाई आहे, पण कुठल्याही एका राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद मिळतो. दुकानात ४४७३ फॉर्म भरताना ते दाखवावं लागतं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, तेव्हा रायफल घरात असली तरी तारखेवर नजर ठेवा. आणि हे फोरमवर वाचून करू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून करा.

मिरजकर_डेन्व्हर
गवताळ, कोलोराडोचे नियम एकदा डोळ्याखालून घाला. एल्कला २४ कॅलिबर (०.२४ इंच) किंवा वर, गोळी फुलणारीच, ८५ ग्रेन किंवा वर, शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. नळी १६ इंचांहून कमी नको. तुम्ही सगळ्यात बसता. अंगावर नारिंगी किंवा गुलाबी कपडा, ५०० चौरस इंच, डोक्यावर पण. जाकिटावर पिशवी चढवली की नारिंगी झाकला जातो, रेंजर तेवढंच बघतो.

गवताळ
ते १५०० फूट-पौंड एल्कला लागतात असं सगळीकडे वाचतो. माझी २७० पाचशेला १४०० च्या आसपास येते. मग?

बिनचूक
मग काही नाही. तो आकडा कुणीतरी सोयीसाठी ठरवला आणि सगळ्यांनी उचलला. ऊर्जेने जनावर मरत नाही. १४०० ची फुललेली गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली तर एल्क शंभर पावलांत बसतो. २५०० ची गोळी मांडीत बसली तर तुम्ही रात्रभर रक्त शोधता. आकड्याकडे बघायचंच तर पडतानाच्या वेगाकडे बघा.

गवताळ
ठरलं मग. यंदा नळी तीच. बाँडेड आणि तांब्याच्या, दोन्हींचे एकेक डबे आणून बघतो, जी नळीला मानवेल ती. कमाल चारशे, आणि तेही वारा नसेल तर. २८० ची नळी जानेवारीत मागवीन, बायकोला अजून सांगितलेलं नाही.
सराव कसा करू? इथल्या रेंजवर बेंचवर बसून मारतो.

बिनचूक
बेंचवर फक्त झिरो करा (दुर्बिणीचा नेम आणि गोळी एका बिंदूवर जुळवा), नंतर बेंच सोडा. पिशवीवर रायफल टेकून, बसून, गुडघ्यावर, चढ चढून धाप लागलेली असताना. दर वेळी रेंजवर गेलात की पहिली गोळी त्यासाठीच राखून ठेवलेल्या एकाच कागदावर मारा, त्यावर तारीख आणि तापमान लिहा, कागद फेकू नका. सीझनपर्यंत त्या एकाच कागदावर वेगवेगळ्या दिवसांच्या थंड गोळ्या जमतील. तो जो पसारा दिसेल तो तुमचा खरा गट. तीनशेला, चारशेला तोच प्रयोग. ज्या अंतरावर तो पसारा जेवणाच्या ताटलीबाहेर जायला लागेल तिथे तुमचा पल्ला संपला.

नेमबाज५०
आणि नळी दर वेळी घासून पुसून चकचकीत करू नका. आमच्याकडे नवीन पोरं हेच करतात. साफ केल्यावरच्या पहिल्या दोन-चार गोळ्या बहुतेक नळ्या इकडेतिकडे टाकतात. ओलं झालं तर पुसा, तेल लावा, पण शिकारीला निघायच्या आधी दोन-चार गोळ्या झाडून नळी मळवूनच न्या.

बिनचूक
एकदम बरोबर. आणि गोळी ठरली की त्याच लॉटचे चार-पाच डबे एकदम उचला. लॉट नंबर डब्याच्या आतल्या झाकणावर छापलेला असतो, कधी बुडाशी. सप्टेंबरात एल्कच्या गोळ्या शेल्फवरून गायब होतात, ऑगस्टमध्येच घ्या. नंतर दुसरा लॉट मिळाला तर झिरो पुन्हा तपासायचा, तीच कंपनी, तेच वजन असलं तरी.

गवताळ
लॉटचं लिहून घेतलं. शनिवारी दुकानात जातो. पीआरसीवाला पुन्हा गळ घालणार, तर त्याच्यासमोर हा धागाच उघडून ठेवतो.

मिरजकर_डेन्व्हर
त्याला मराठी येत असेल तर आम्हालाही कळवा.